मागणी क्षणाची, सांभाळ कायमचा

२०२१ सालच्या डिसेंबरात जगभरच्या संगणकतज्ज्ञांची झोप उडाली होती. 'लॉगफोरजे' या, सामान्य माणसाने नावही ऐकले नसेल अशा आज्ञावलीत एक दोष सापडला होता. चीनमधील 'अलीबाबा' कंपनीच्या सुरक्षा विभागाने २४ नोव्हेंबरला तो 'अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन' या संस्थेच्या नजरेस आणला आणि पंधरवड्यात तो जगजाहीर झाला. अशा दोषांची तीव्रता मोजण्याची जी दहा गुणांची पट्टी आहे, तीवर त्याला पुरते दहा गुण मिळाले. या आज्ञावलीचे काम वस्तुतः कारकुनाचे. मोठ्या यंत्रणेत काय काय घडले याची तिने नोंद करीत राहावयाचे, एवढेच. परंतु विशिष्ट पद्धतीने रचलेला मजकूर नोंदीत आला की हा कारकून तो नुसता टिपून घेत नसे. त्यात दिलेल्या पत्त्यावर तो जाई, तेथे मिळेल तो हुकूम घेऊन येई आणि तो आपल्याच घरात अमलात आणी. कोणाही परक्याला दुसऱ्याच्या यंत्राचा कबजा घेण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली होती.

हा सारा अनर्थ झाला कशामुळे? त्या आज्ञावलीचा सांभाळ करणाऱ्यांनी हयगय केली, असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१३ सालच्या जुलै महिन्यात एका वापरकर्त्याने एक नवी सुविधा मागितली. नोंदी करताना लागणारी माहिती बाहेरच्या निर्देशिकेतून आणता यावी, अशी ती मागणी. मागणी करणारा नुसते मागून थांबला नाही. त्यासाठी लागणारा कोडही त्याने लिहून दिला. मागणी सद्हेतूची होती, कोड तयार होता, नाही म्हणण्यास वरकरणी कारण नव्हते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या आवृत्तीत ती सुविधा दाखल झाली. पुढे आठ वर्षांनी ज्या दाराने चोर शिरले, ते दार हेच.

नव्या सुविधेची मागणी मान्य करावी की नाकारावी, हा वरवर पाहता मूठभर हौशी तंत्रज्ञांचा घरगुती प्रश्न वाटतो. तो तसा राहिलेला नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना पाहता, वापरता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी या विचाराला चळवळीचे रूप दिले. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा आरंभ केला. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. 'आधार'ची प्रचंड यंत्रणा उभारताना मुक्तस्रोत आज्ञावलींचाच उपयोग करण्यात आला आणि २०१५ साली भारत सरकारने आपल्या कारभारात अशा सॉफ्टवेअरचा स्वीकार करण्याचे धोरणच जाहीर केले. बँका, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या यांचे व्यवहार अशा रीतीने ज्या शेकडो लहानमोठ्या आज्ञावलींवर उभे आहेत, त्यांतील कित्येकांची देखभाल एखाददुसरा मनुष्य आपली नोकरी सांभाळून रात्री फावल्या वेळात करीत असतो. त्या मनुष्याने कोणाला होकार दिला आणि कोणाला नकार, याचे परिणाम आता साऱ्या समाजाला भोगावे लागतात. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे.

मागणी करणे आणि ती निभावणे या दोन गोष्टींच्या किमतीत जमीनअस्मानाचे अंतर असते, हे येथे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. मागणाऱ्यासमोर त्याची एकच गरज असते आणि ती त्याच्यापुरती रास्तही असते. सांभाळणाऱ्याला मात्र ती सुविधा आधीच्या पन्नास सुविधांशी कशी जुळेल, हजारो निरनिराळ्या यंत्रांवर कशी वागेल, दुष्ट बुद्धीच्या माणसाच्या हाती पडल्यास काय करील, हे सारे पाहावे लागते. शिवाय मागणारा आपले काम झाले की निघून जातो. सुविधा मात्र मागे राहते आणि एकदा दहा माणसे तिच्यावर विसंबली की ती काढून टाकणे हा त्यांचा विश्वासघात ठरतो. लॉगफोरजेच्या बाबतीत नेमके हेच घडले. ही सुविधा आम्हा कोणालाच आवडत नव्हती, पण जुन्या वापरकर्त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून ती ठेवावी लागली, असे सांभाळकर्त्यांपैकी एकाने त्या धामधुमीत जाहीरपणे सांगितले. त्या एका महिन्यात या बिनपगारी मंडळींनी रात्रीचा दिवस करून एकापाठोपाठ चार सुधारित आवृत्त्या काढल्या. त्याबद्दल त्यांच्या वाट्याला शिव्याशापच अधिक आले.

हे उदाहरण अपवादात्मक नाही. २०१४ सालच्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' या नावाने गाजलेला दोषही अशाच एका जादा सुविधेतून उद्भवला होता. दोन यंत्रांमधील सुरक्षित दुवा जिवंत आहे की नाही हे अधूनमधून विचारून पाहण्याची ती सोय होती. ती 'ओपनएसएसएल' या आज्ञावलीत २०१२ सालच्या मार्चमध्ये दाखल झाली. तिची खरोखर गरज थोड्यांनाच होती. पण ती आपोआप चालू राहत असल्यामुळे धोका सर्वांच्या दारी गेला. इंटरनेटवरील व्यवहारांचे एवढे मोठे ओझे वाहणाऱ्या या प्रकल्पाला त्या काळी देणग्यांतून वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. दोष उघडकीस आल्यावर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

भिडेपोटी दिलेल्या होकाराहूनही भयंकर असा एक प्रकार २०२४ साली पुढे आला. 'एक्सझेड' ही माहिती आटोपशीर करून साठविणारी आज्ञावली लासे कोलिन हे फिनलंडमधील गृहस्थ अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते. २०२२ साली एका नव्या सहकाऱ्याने पाठविलेल्या सुविधेचा कोड स्वीकारण्यास विलंब होत आहे, अशी कुरकुर काही अनोळखी नावांनी सुरू केली. प्रकल्प मृतप्राय झाला आहे, सांभाळकर्त्याला रस उरलेला नाही, त्याने दुसऱ्या कोणाकडे सूत्रे द्यावीत, अशी भाषा होऊ लागली. रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे आपली शक्ती मर्यादित आहे आणि हे काम आपण विनावेतन, छंद म्हणून करतो, असे कोलिन यांनी नम्रपणे कळविले. दडपण थांबले नाही. अखेर 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या त्या तत्पर सहकाऱ्याला त्यांनी अधिकार दिले. २०२४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील दोन आवृत्त्यांत याच सहकाऱ्याने चोरदरवाजा बसवून ठेवला. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले. त्यांनी चिकाटीने मूळ शोधले आणि २९ मार्चला ते जगापुढे मांडले, म्हणून मोठा अनर्थ टळला. जिया टॅन या नावामागे कोण होते हे उघड झालेले नाही. कुरकुर करणारी नावेही नंतर कोठे दिसली नाहीत. ती बनावट असावीत असा तपास करणाऱ्यांचा कयास आहे.

या प्रकरणातील गुन्हेगारांच्या हुशारीची चर्चा पुष्कळ झाली. त्यांचे सोंग कोणालाच कसे खटकले नाही, या प्रश्नाची मात्र व्हावी तेवढी झाली नाही. ते खटकले नाही, कारण उद्धट, उतावीळ आणि हक्काने मागणारा वापरकर्ता हे मुक्तस्रोताच्या जगातील नित्याचे दृश्य झाले आहे. चोरांनी साळसूद गिऱ्हाइकाचा वेष घेतला असता तर कदाचित संशय आला असता. त्यांनी तक्रारखोर गिऱ्हाइकाचा घेतला. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात. येथे ती चोरांची वाटाडी झाली.

यावर कोणी म्हणेल की, मग सांभाळकर्त्यांनी सरसकट नकारघंटाच वाजवावी की काय? तसे म्हणता येणार नाही. सत्ता लहान असो वा मोठी, तिला नकाराची चटक लागते आणि त्या नकारात पुष्कळदा केवळ अज्ञान असते. याचे उदाहरण मराठी माणसाला दूर शोधावयास नको. संगणकावर जगातील लिप्यांच्या अक्षरांना स्थान देणारी 'युनिकोड' ही मानकव्यवस्था आहे. ती म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, परंतु मागण्या स्वीकारण्याचा आणि नाकारण्याचा प्रश्न तिच्यापुढेही तसाच असतो. किंबहुना एकदा दिलेले अक्षर परत काढून घ्यावयाचे नाही असा तिचा नियमच असल्यामुळे तो अधिक बिकट असतो. मराठीतील 'ॲ' या अक्षराला तेथे स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर 'अ'वर चंद्र चिकटविण्याची कसरत करावी लागे आणि बऱ्याच ठिकाणी तो चंद्र अक्षराला सोडून भलतीकडेच उगवे. ज्याने मराठी कधी लिहिली नाही अशा माणसाला ही अडचण आपण होऊन कशी कळावी? ती कोणी तरी मागितली पाहिजे, पुराव्यानिशी मांडली पाहिजे आणि समोरच्याने ती कान देऊन ऐकली पाहिजे. लहान भाषांचे, अंध वापरकर्त्यांचे, जुन्या स्वस्त यंत्रांवर काम करणाऱ्यांचे प्रश्न मागणीवाचून कधीच पुढे येणार नाहीत.

तेव्हा मुद्दा नकार आणि होकार यांतील निवडीचा नसून निर्णयाच्या रीतीचा आहे. ही रीत घालून देण्याचा एक चांगला प्रयत्न 'पायथन' या संगणकभाषेच्या मंडळींनी केला. भाषेत बदल हवा असेल त्याने रीतसर प्रस्ताव लिहावा, त्यात गरज, पर्याय आणि परिणाम यांची चर्चा करावी, आणि प्रस्ताव फेटाळला गेला तरी तो कारणांसह दप्तरी राहावा, अशी पद्धत तेथे २००० सालापासून आहे. २००७ साली अशाच एका प्रस्तावाला नकार देताना या भाषेचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांनी असे कारण दिले की, जिला या सुविधेची खरी गरज लागेल अशी गुंतागुंत क्वचितच आढळते आणि सुविधेचा सदुपयोगापेक्षा दुरुपयोगच अधिक होईल. हा नकार आजही कोणालाही वाचता येतो. पुढच्या माणसाला तोच वाद नव्याने घालावा लागत नाही; घालावयाचाच असेल तर निदान नवे कारण आणावे लागते. कारणासह दिलेला नकार ही त्या समाजाची मिळकत होते. नुसते मौन हे मात्र दोन्ही बाजूंचे नुकसान करते. मागणारा आशेवर राहतो, आणि सांभाळणाऱ्याच्या मनावर न दिलेल्या उत्तरांचे कर्ज चढत जाते.

अर्थात उत्तम रीतही माणसाच्या सोशिकतेला पुरतेच असे नाही. २०१८ सालच्या जुलैमध्ये व्हॅन रॉसम यांनी एका वादग्रस्त प्रस्तावाला मान्यता दिली आणि लागलीच सर्वाधिकारपदाचा राजीनामा दिला. एका प्रस्तावासाठी इतके झगडावे लागावे आणि तरीही इतक्यांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे पुन्हा सोसावयाची इच्छा नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. त्यांच्यामागे पाच जणांचे निर्वाचित मंडळ आले. एकाच्या खांद्यावरील नकाराचे ओझे पाचांत वाटले गेले, हे योग्यच झाले. 'एसक्यूलाइट' या, बहुतेक प्रत्येक फोनमध्ये असणाऱ्या आज्ञावलीच्या कर्त्यांनी निराळा मार्ग पत्करला. कोड सर्वांना खुला, त्यावर कोणाची मालकी नाही; परंतु बाहेरच्यांनी लिहिलेला कोड सहसा स्वीकारावयाचा नाही, हे त्यांनी उघड सांगून टाकले आहे. २०५० सालापर्यंत सांभाळ करण्याचा संकल्पही त्यांनी जाहीर केला आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध उघड आहे. ज्याला दूरवर चालावयाचे असते, त्याला पाठीवर काय घ्यावयाचे नाही हे आधी ठरवावे लागते.

ज्याचे समाधान होत नाही त्याला मुक्तस्रोताच्या परवान्याने आणखी एक वाट ठेवलेली आहे. त्याने तोच कोड घ्यावा आणि वेगळी चूल मांडावी. ही धमकी नाही, हा हक्क आहे आणि तो वेळप्रसंगी कामी आलेला आहे. २०१० साली 'ओपनऑफिस'मधून 'लिब्रेऑफिस' असेच वेगळे झाले आणि आज तेच अधिक चालते. प्रत्येकाला हे झेपणार नाही हे खरे. परंतु परवान्याने वापरणाऱ्याला कोडावर जो हक्क दिला आहे, तो कोड लिहिणाऱ्याच्या सायंकाळवर दिलेला नाही, एवढा भेद मनात ठसला तरी पुष्कळ काम होईल.

या भेदाचा विसर एकट्यादुकट्या वापरकर्त्याला पडला तर समजू शकते. धनाढ्य कंपन्यांना पडावा हे खेदजनक आहे. 'कर्ल' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीचे स्वीडिश कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना २०२२ सालच्या जानेवारीत एका अतिप्रचंड अमेरिकन कंपनीचे पत्र आले. लॉगफोरजेच्या दोषाचा तुमच्यावर काय परिणाम झाला याची उत्तरे चोवीस तासांत द्यावीत, असे त्यात फर्मावले होते. कर्लचा लॉगफोरजेशी सुतराम संबंध नव्हता आणि त्या कंपनीने स्टेनबर्ग यांना कधी दमडीही दिलेली नव्हती. आमच्याशी सेवेचा करार करा, आनंदाने उत्तरे देतो, असे त्यांनी उलट कळविले. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण त्यांच्या भाषेत आहे की नाही ठाऊक नाही. या उदारपणाचा हिशेबही आता उपलब्ध आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२४ साली केलेल्या अंदाजानुसार, सर्वत्र वापरात असलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहावयाचे तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. पण ते नसते आणि प्रत्येक कंपनीला स्वतःपुरते लिहावे लागले असते, तर तो खर्च ८.८ लाख कोटी डॉलरच्या घरात गेला असता.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. मागणी करणे आधीच स्वस्त होते. आता मागणीसोबत तिचा कोड, समर्थनार्थ लांबलचक निबंध आणि नसलेल्या दोषांचे सविस्तर अहवाल हे सारे घडीभरात तयार होते. वाचणारा मात्र पूर्वीसारखाच एकटा आहे आणि त्याची रात्रही तेवढीच लांब आहे. अशा निरर्थक अहवालांच्या लोंढ्याला कंटाळून स्टेनबर्ग यांनी दोष शोधणाऱ्यांसाठी २०१९ पासून चालविलेली बक्षीस योजना २०२६ सालच्या जानेवारीअखेर बंद केली. मागणीसोबत तयार कोड आला म्हणजे मागणाऱ्याने आपला वाटा उचलला, असे पूर्वी मानण्याची पद्धत होती. लॉगफोरजेने ते मानणे घातक ठरविले होते. यंत्राने लिहिलेल्या कोडाने ते निरर्थक केले आहे. वाटा उचलणे म्हणजे पुढची काही वर्षे सांभाळास हजर राहणे. ज्याची त्याला तयारी नाही, त्याची मागणी ऐकून घ्यावी, पण तिचे ओझे वाटत नाही.

सरकारांना या प्रश्नाची जाग येऊ लागली आहे, हे सुचिन्ह होय. युरोपीय संघाचा सायबर सुरक्षाविषयक नवा कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अस्तित्वात आला असून ११ डिसेंबर २०२७ पासून तो पूर्णांशाने लागू करावयाचा आहे. विक्रीसाठी माल बनविणाऱ्यावर जबाबदारी टाकताना, मुक्तस्रोत प्रकल्पांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांचा त्यात वेगळा वर्ग केला आहे आणि त्यांना दंडातून वगळले आहे. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत आज्ञावलींच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला. आपल्याकडे 'झिरोधा' या कंपनीने २०२४ साली मुक्तस्रोत प्रकल्पांना दरवर्षी दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. ही सुरुवात चांगली आहे. पण एका कंपनीच्या सदिच्छेवर एवढ्या मोठ्या देशाने निश्चिंत राहावे, अशी ही गोष्ट नाही. आपल्या सरकारी धोरणाच्या नावातच 'स्वीकार' हा शब्द आहे. स्वीकारासोबत सांभाळाची तरतूद अंदाजपत्रकात दिसली पाहिजे. जे खाते एखाद्या आज्ञावलीवर आपला कारभार चालविते, त्याने तिच्या देखभालीसाठी पैसा किंवा माणूस द्यावा. तो नव्या सुविधेच्या अटीवर देऊ नये. सुविधेसाठी दिलेला पैसा सांभाळणाऱ्याचा नकाराचा अधिकार विकत घेतो, देखभालीसाठी दिलेला पैसा तो अधिकार शाबूत ठेवतो.

गावच्या विहिरीवर पाणी भरणारे शंभर असतात, गाळ उपसावयास उतरणारे दोघेतिघे. त्यांनी काठावरच्या एखाद्याला, येथे नवा रहाट बसविता येणार नाही, कठडा ढासळेल, असे सांगितले तर ते ऐकून घ्यावे, त्याचे कारण अवश्य विचारावे आणि ते पटत नसेल तर स्वतः खाली उतरून पाहावे. २०१३ सालच्या त्या जुलै महिन्यात कोणी नाही म्हटले असते, तर एक वापरकर्ता नाराज झाला असता आणि ही गोष्ट तेथेच संपली असती. कोणत्याही वर्तमानपत्रात तिची ओळभर बातमी आली नसती आणि त्या माणसाचे कोणी आभारही मानले नसते. असे नाही म्हणणारे आज कितीतरी ठिकाणी बसलेले आहेत. आपले व्यवहार बिनघोर चाललेले आहेत ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे.